गॅलरीतलं मीठ

४ फेब्रुवारी

खड्या,

आशीर्वाद या पत्रात नाहीत. द्यावेसे वाटतील तेव्हा वेगळ्या पाकिटातून पाठवीन.

तू माझा फोन घेणंच बंद केलंस, म्हणून पत्र. काल प्लांटवर आले तर वॉचमन म्हणाला, "आत्याबाई, साहेबांनी सांगितलंय, तुम्हाला आत सोडायचं नाही." सांगताना बिचारा चपलांकडे बघत होता. त्या प्लांटची लॅब मी उभी केली. तुझा बाप काँक्रीटच्या गाड्या मोजायचा आणि मी त्या गाड्यांत काय आहे ते बघायचे. आणि तू मला गेटवरून हाकलतोस! पण पोस्टमनला अडवायची छाती तुझ्या वॉचमनला नाही. वाच आता.

तू घरात काय पसरवलंयस ते वहिनीकडून कळलं. 'आत्याचं वय झालं, डोळ्याच्या ऑपरेशननंतर फार चिडचिडी झालीय.' अरे, चिडचिडी मी जन्मापासून आहे. आणि डॉक्टरने मोतीबिंदू काढला, मेंदू नाही काढला.

म्हणून घडलं ते एकदा कागदावर स्वच्छ लिहिते. उद्या 'मला कुणी सांगितलंच नाही' म्हणायला तोंड राहू नये.

मी डोळ्यावर पट्टी बांधून घरी पडले होते त्या आठवड्यात तू मुलींच्या शाळेच्या नव्या इमारतीसाठी गॅलऱ्यांचं काँक्रीट पाठवलंस. थंडी कडाक्याची. थंडीत सिमेंट आळसावतं, घट्ट व्हायला वेळ लावतं. कॉन्ट्रॅक्टरला खालचे टेकू लवकर काढायचे होते. म्हणून तू मालात लवकर घट्ट करणारं केमिकल घातलंस. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. केमिकल म्हटलं की नाक मुरडणारी बाई मी नव्हे. पाणी न वाढवता माल पातळ करणारं, उन्हाळ्यात माल गाडीतच गोठू नये म्हणून घालायचं, थंडीत त्याला जागं करणारं, ही सगळी मीच तुला ओळखायला शिकवली. पण नवा ड्रम आला की आधी त्यातला थेंब तपासायचा आणि मगच तो मालात घालायचा, हा आपला नियम. तू तो गुंडाळून ठेवलास. का, तर ड्रमवर 'क्लोराइड नाही' असं छापलं होतं. अरे शहाण्या, छापायला काय जातं?

मी परत आले तर ऑपरेटर पेढे वाटल्यासारख्या तोंडाने माझ्याकडे आला. गाडीतल्या मालातून आपण ते ठोकळे भरून ठेवतो आणि मशीनखाली दाबून फोडतो ना, त्याचे आकडे घेऊन. सातव्या दिवशी येणारी ताकद तिसऱ्याच दिवशी आली होती. तो खूश आणि मला घाम फुटला. इतकं चांगलं काँक्रीट मी आयुष्यात बनवलेलं नाही, मग माझ्या गैरहजेरीत ते कुणी बनवलं? फुटलेल्या ठोकळ्याचा चुरा पाण्यात ढवळला, गाळला, सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. पाणी दूध नासावं तसं फुटलं. क्लोराइड. म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ.

फुटपाथच्या ब्लॉकात हे केमिकल खुशाल घाल, त्यात सळई नसते. पण सळईला ते विष आहे. काँक्रीट सळईवर एक पातळ कवच धरतं, म्हणून ती आत वर्षानुवर्षं टिकते. मीठ ते कवच फोडतं. मग वरून पाणी मुरलं की आतल्या आत गंज. आणि गॅलरीचं तर विचारूच नकोस. तिला एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ती वरच्या सळयांच्या जिवावर उभी असते. त्या सळया खाल्ल्या गेल्या की ती आधी सूचना देत बसत नाही.

हे सगळं मी तुझ्या केबिनमध्ये येऊन सांगितलं. तू उठून दार लावलंस. मला वाटलं, नीट ऐकायचंय म्हणून लावलंस. तू म्हणालास, "आत्या, हळू बोल."

चूक झाली म्हणून मी ओरडले नव्हते, खड्या. चुका माझ्याही हातून झाल्यात. चूक कळल्यावर तू शाळेला फोन केला नाहीस, उलट कॉन्ट्रॅक्टरला सांगून गॅलऱ्यांना रंग लावायची घाई केलीस, म्हणून ओरडले. आणि अजून ओरडतेय.

दहा मार्चला तिथे शाळा भरणार आहे. त्याआधी मुख्याध्यापिकेला जाऊन सांग आणि गॅलऱ्या पाडायला घे. मला दुसरं काहीही नको.

तूर्तास फक्त नात्याने,
आत्या


११ फेब्रुवारी

खड्या,

तुझा ड्रायव्हर खोकं ठेवून गेला. माझा चष्म्याचा डबा, भिंग, कप आणि ॲप्रन. ॲप्रन धुऊन इस्त्री करून पाठवलायस. कुणी सांगितलं होतं? हाकलायचं तर नीट हाकलावं, इस्त्री कसली करतोस!

वर चिठ्ठी. 'ठोकळे पास आहेत आणि रिपोर्टवर सही तुझीच आहे. सळई गंजली तर, पाणी मुरलं तर, या जर-तरला अर्थ नाही. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं.'

वा! बापाच्या वयाच्या बाईशी बोलायची काय ही रीत! पण तुला एक सांगते. ऑपरेशननंतर आरशात स्वच्छ दिसायला लागलं आणि हनुवटीवर दोन केस सापडले. तेव्हा तू मला आता काका म्हणायला लाग आणि काकाचं तरी ऐक.

सही माझी आहे, हो, आहे. ठोकळ्याची ताकद किती, एवढंच त्या रिपोर्टात आहे आणि तो आकडा खरा आहे. वजनकाट्यावर उभं राहून ताप कळतो का रे? ठोकळा दाबल्यावर ताकद कळते, मीठ कळत नाही. हे तुला माहीत आहे. चांगलं माहीत आहे. तू अडाणी असतास तर मी तुझा कान धरून शिकवलं असतं आणि विषय संपला असता. तुला सगळं येतं, म्हणून जास्त संताप होतो.

तू नुकता कॉलेजातून आला होतास तेव्हाची गोष्ट आठव. उशिरा घट्ट करणारं केमिकल दोनदा पडलं आणि त्या पाण्याच्या टाकीचा पाया दुसऱ्या दिवशीही चिखलासारखा मऊ. कॉन्ट्रॅक्टर फावडी घेऊन माणसं उभी करून शिव्या देत होता आणि तू माझ्या पाठीमागे. मी म्हटलं, "कुणीही हात लावायचा नाही. ओली पोती टाका आणि झाकून ठेवा." सगळे मला वेड्यात काढत होते. मग झालं की नाही घट्ट? उलट नेहमीपेक्षा चांगलं निघालं. तेव्हा मी थांबा म्हणाले म्हणून तू मला डोक्यावर घेऊन नाचलास. आज मी थांबू नकोस म्हणतेय, तर मी म्हातारी, चिडचिडी, अर्धी आंधळी!

आणि वहिनीला माझी चौकशी करायला फोन करायला लावू नकोस. मी मजेत आहे. सकाळी सवयीने डबा भरला गेला आणि बसस्टॉपपर्यंत गेलेही, त्यात काय मोठं? परत येऊन ओट्याशी उभी राहून खाल्ला. पोळी तीच, भाजी तीच.

शाळेत कधी जातोस ते कळव.

आत्या


१९ फेब्रुवारी

खड्या,

स्वतः यायची लाज वाटली म्हणून बापाला पाठवलंस. त्याच्या गुडघ्यांची काय दशा आहे ते तुला ठाऊक आहे, माझं घर दुसऱ्या मजल्यावर आहे तेही ठाऊक आहे. दादा प्रत्येक वळणावर थांबत आला. मी वरून ऐकत होते. मधे एकदा वाटलं खाली जाऊन हात द्यावा, पण नाही गेले. राग होता.

तो आत आला, खुर्चीत बसला आणि खूप वेळ दम खात राहिला. मग म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची असते, बाई."

मी म्हटलं, "मुठीत काय आहे ते माहीत आहे ना तुला?"

"पोराची चूक झाली. त्या केमिकलवाल्याने फसवलं त्याला."

"फसवलं, कबूल. पण कळल्यावर?"

"आपलेच दात, आपलेच ओठ. बाहेर कशाला बोंब मारायची? शाळेची गॅलरी आपल्या मालाची म्हणून पाडली, हे बाजारात कळलं तर उद्या एक गाडी जाईल का आपल्याकडून? ड्रायव्हर, लॅबची पोरं, त्यांची घरं आहेत. त्यांच्या पोटाचा विचार कर."

खरं सांगू? त्याचं हे बोलणं मला लागलं. ती घरं मलाही ठाऊक आहेत. लॅबमधल्या पोरींना मी स्वतः निवडून घेतलंय. तो गेल्यावर दोन रात्री त्याच विचारात गेल्या.

त्या दिवशी पुढे त्याने विचारलं, "तू छातीवर हात ठेवून सांगतेस का, की ती गॅलरी पडेल?"

"नाही सांगत."

"बरं, पडलीच तर कधी?"

"आठ वर्षांनी. पंचवीस वर्षांनी. पाणी कमी मुरलं तर कदाचित पडणारही नाही."

"मग?" दादाने दोन्ही हात असे पसरले. "मग एवढा तमाशा कशासाठी चाललाय?"

मी म्हटलं, "दादा, मधल्या सुट्टीत त्या गॅलरीत पोरी उभ्या राहणार आणि खाली दुसऱ्या पोरी खेळणार. रोज. तू त्यांच्यातली एक निवड आणि तिच्या आईला जाऊन हे 'कदाचित' सांग. ती हो म्हणाली तर मी गप्प बसते."

चहा केला होता, त्याला दादाने हातही लावला नाही. दारात चपला घालताना म्हणाला, "शाळेत गेलीस तर मला बहीण नाही असं समजेन." जिन्यात पुन्हा प्रत्येक वळणावर थांबत गेला. त्याचा आवाज पुरता खाली पोचेपर्यंत मी दार लावलं नाही.

तुला मी यासाठी कधी माफ करीन असं वाटत नाही. गॅलरी राहू दे बाजूला. तू आम्हा दोघांना एकमेकांवर घातलंस. आमचं लहानपणापासून एकमेकांवाचून पान हललं नाही, आणि तू स्वतःच्या भित्रेपणापायी त्याला माझ्या जिन्यात चढवलंस.

पंचवीस तारखेपर्यंत वाट बघते. तू सांगितलंस तर ती तुझी प्रामाणिक चूक म्हणून गणली जाईल, आणि मी चार लोकांत उभी राहून म्हणेन की माझ्या भाच्याने स्वतःहून सांगितलं. छाती फुगवून म्हणेन. मी सांगितलं तर ते चोरी पकडल्यासारखं होईल. निवड तुझ्या हातात आहे. एवढी तरी अक्कल दाखव.

आत्या


२ मार्च

खड्या,

सव्वीस तारखेला मी शाळेत गेले.

पंचवीसला सबंध दिवस घरातून हलले नाही. फोन हातात धरून बसले होते असा अर्थ काढू नकोस. पाय दुखत होते.

मुख्याध्यापिका छोटीशी बाई आहे, बाहीला खडू लागलेला. मला बघून म्हणाली, "तुम्ही येणार असं तुमच्या भाच्याने आधीच सांगितलंय. ट्रस्टींना भेटून गेले ते. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, नीट दिसत नाही, आणि कामावरून काढल्याचा राग आहे, असं म्हणाले."

म्हणजे तू शाळेत गेला होतास! गेलास, आणि हे सांगून आलास! मला त्या खुर्चीत बसवेना. जन्मात कुणी मला खोटी म्हटलेलं नाही आणि माझ्या मांडीवर वाढलेला पोरगा मला आंधळी म्हणून सांगून आला. तोंड नाही का रे भाजलं तुझं?

मी वाद घातला नाही. पिशवीतून दोन ग्लास काढले. एकात साध्या काँक्रीटचा चुरा घालून गाळलेलं पाणी, दुसऱ्यात तिच्या गॅलरीच्या ठोकळ्याचं; तो चुरा मी पहिल्याच दिवशी पुडीत बांधून घरी आणला होता. बाटली तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "माझे डोळे नकोच. तुमचे वापरा. थेंबही तुम्हीच टाका."

तिने टाकले. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात पांढरं फुटलं. ती बराच वेळ ग्लास उजेडाला धरून बघत बसली. मग तिनेही दादासारखंच विचारलं, पडेल का, कधी पडेल. मी तिलाही तेच सांगितलं. वाढवून एक शब्द बोलले नाही. कदाचित, म्हटलं.

ती म्हणाली, "कदाचित पुरे आहे मला. त्या गॅलरीत माझ्या मुली डबा खाणार आहेत." आणि तिने तिथूनच ट्रस्टींना फोन लावला.

पुढचं तुला माहीत आहे, तू होतास. ट्रस्टींनी तिला झापलं, रंग झालाय, फीत कापायला पाहुणे ठरलेत म्हणाले. ती जागची हलली नाही. "मुली आत नेणार नाही, मला काढून टाका हवं तर," म्हणाली. मग बाहेरच्या लॅबचे लोक आले, गॅलरीला भोकं पाडून भुकटी नेली. आकडा आला तो चालू शकेल त्याच्या कितीतरी पट होता. कालच्या मीटिंगमध्ये तो वाचून झाल्यावर सगळे तुझ्याकडे बघायला लागले आणि तू टेबलाकडे.

मला त्यांनी विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं. केमिकलवाल्याने फसवलं हे सांगितलं. तुला कधी कळलं तेही सांगितलं. एक गाळून दुसरं सांगणं मला जमणार नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर तू माझ्याजवळ येऊन म्हणालास, "खूश आत्या?"

नाही. खूश नाही. तू मूर्ख आहेस हे विचारणारा. बसमध्ये माझ्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं, ते ऑपरेशनचं आहे, डॉक्टरांनी थेंब घालायला सांगितलेत. शेजारच्या बाईने रुमाल देऊ केला, तिलाही मी तेच सांगितलं.

आत्या


२८ एप्रिल

खड्या,

पार्सल मिळालं. वीतभर सळईचा तुकडा आणि चिठ्ठी. 'गॅलरी तोडली त्यातली आहे. गंज शोध. चष्मा लावून शोध.'

शोधला. चष्मा लावला, भिंगही घेतलं, खिडकीशी जाऊन उभी राहिले. एक ठिपका नाही. निळसर, चकचकीत, काल कारखान्यातून आल्यासारखी.

वहिनीने सांगितलं की तोडफोड चालू असताना तू तिथे सगळ्यांना अशाच सळया उचलून दाखवत होतास. "बघा, हीच ती गंजलेली गॅलरी. या एका म्हातारीच्या खुळापायी आमचा धंदा बसला." लोक हसले म्हणे. कॉन्ट्रॅक्टरही हसला. दादा गाडीत बसून होता, तो हसला की नाही ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आठ आठवड्यांत त्याचा एक फोन नाही. माझ्या लॅबमधल्या दोघी पोरींना तू घरी बसवलंस हेही कळलं. त्या मला भेटून गेल्या. शिव्या देतील म्हणून तयारीत होते, तर एक माझ्याकडे बघत राहिली आणि दुसरीने भांडी घासून दिली. मला शिव्या चालल्या असत्या.

शाळेच्या नव्या गॅलऱ्यांचं काँक्रीट दुसऱ्या प्लांटमधून येणार आहे. त्यांनी मला तपासणीला बोलावलंय आणि मी जाणार आहे, त्या दोघींना घेऊन. दादाला तूच सांग. बाहेरून कळलं तर त्याला जास्त लागेल.

आता तुझ्या सळईचं.

तुला वाटलं, आत्याची जिरली. सळई स्वच्छ निघाली, म्हणजे आत्या खोटी पडली. इतकी वर्षं माझ्या हाताखाली काढलीस आणि एवढं साधं तुझ्या डोक्यात शिरलं नाही? गंज दिसल्यावर गॅलरी पाडणं म्हणजे वरातीमागून घोडं. ती सळई अशी निघावी म्हणूनच मी जिवाचं रान केलं. मला भाऊ राहिला नाही, प्लांट राहिला नाही, तू तर केव्हाचा राहिला नाहीस, आणि हातात हा तुकडा आला, नवाकोरा. मी तो बघून देवाचे आभार मानले. मोठ्याने मानले, एकटीच होते.

मला गंज दाखवता आला नाही, हे सगळ्यांना खुशाल सांग. तो दाखवायचा तर त्या गॅलरीला अजून आठ-दहा वर्षं तिथे राहावं लागलं असतं आणि मग एके दिवशी खाली मधली सुट्टी चालू असावी लागली असती. तेव्हा तू मला सळया उचलून दाखवल्या नसत्यास.

काल शाळेवरून गेले. जुन्या इमारतीतच वर्ग भरतात, नव्या भिंतीला नुसती कापलेल्या सळयांची टोकं दिसतात. मधली सुट्टी होती. गॅलरी होती त्याच्या बरोबर खाली पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या. एक मोजत होती, दुसऱ्या दोघी दोरी फिरवत होत्या, आणि वर नुसतं आभाळ होतं. त्यांतल्या एकीलाही काही माहीत नाही. मी फाटकाशी उभी राहून त्यांची सुट्टी संपेपर्यंत बघत होते.

आत्या